नळीमागचा माणूस

बाबांना मी पाठीवरून ओळखलं.

जानेवारी संपत आला होता. एल्सी चार महिन्यांची. दूध पिता पिता तिचा डोळा लागायचा, मग तिला तशीच छातीशी धरून मी एका हातानं फोन बघत बसायचे. त्या दुपारी बातम्यांत वॉशिंग्टनमधली, सहा जानेवारीच्या दंग्याची ती चित्रफीत पुन्हा लागली होती. संसद भवनाचा दगडी बोगदा, त्याच्या टोकाला दार, दारात पोलीस आणि बाहेरून माणसांचा लोंढा. एका सुरात ओरडत सगळे मिळून रेटत होते. दाराच्या फटीत एक पोलीस अडकला होता. त्याचं तोंड उघडं होतं, आवाज मात्र गर्दीत बुडून गेला होता.

लोंढ्यात मधोमध तपकिरी कोट घातलेला एक माणूस. टोपी खाली ओढलेली, तोंडावर रंगारी लावतात तसला मुखवटा, आणि कॅमेऱ्याकडे पाठ. त्यानं डावा पाय आडवा रोवला, टाच बाहेर. पुढच्या अनोळखी पोराच्या कमरेवर दोनदा थोपटलं. मग मान खाली घातली आणि त्याच्या दोन खवाट्यांच्या मधोमध कपाळ टेकवलं.

माझं दूधच आटल्यासारखं झालं. एल्सी जागी होऊन रडायला लागली.

आमच्या कोल्टर गावात पगारी बंबवाले नाहीत. पोलादाचा कारखाना होता तेव्हाही नव्हते. आग लागली की भोंगा वाजतो आणि हातातलं काम टाकून माणसं बंबघराकडे धावतात. माझे बाबा, रे हुडाक, तिथले चीफ. नळीत पाणी सुटलं की ती अंगावर येते, मागं फेकते. म्हणून पुढच्यानं नळीचं तोंड धरायचं आणि मागच्यानं पुढच्याला. दुसऱ्या गावांत मागचा माणूस खांदा लावतो. बाबांचा उजवा गुडघा कारखान्यात गेला, तेव्हापासून ते डाव्या पायावर उभे राहतात आणि कपाळ लावतात. त्याआधी कमरेवर दोन थापा. त्याचा अर्थ, आहे मी. गावातल्या प्रत्येक बंबवाल्याच्या पाठीत ते कपाळ कधी ना कधी टेकलेलं आहे. शाळेत असताना मी तिथं शिकायला जायचे, तेव्हा माझ्याही पाठीत टेकलं होतं. पाण्याच्या त्या दणक्यात पाठीमागं एवढंसं ऊबदार काहीतरी असतं, आणि मग भीती वाटत नाही.

ड्रू संध्याकाळी घरी आला. माझा नवरा घरोघरी गॅसच्या टाक्या भरणाऱ्या गाडीवर होता, आणि बंबघरात नळीचं तोंड धरणारा. म्हणजे ते कपाळ सगळ्यात जास्त त्याच्याच पाठीचं.

"पाहिलंस?" मी विचारलं.

तो वाकून बूट सोडत होता. मान वर न करताच म्हणाला, "सकाळीच. डेनीनं पाठवलं. बंबघरात सगळ्यांनी पाहिलंय."

"मग?"

"मग काय? डेनी म्हणाला, अमेरिकेत गुडघा गेलेले म्हातारे काय कमी आहेत?"

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, कॉफी संपलीये."

मला हसू आलं आणि तिथंच अडकलं. "ड्रू, त्या दारातल्या पोलिसाचं तोंड पाहिलंस का?"

त्यानं दुसरा बूट काढला, दोन्ही बूट नीट भिंतीला लावून ठेवले. एरवी कधी ठेवत नाही. "पाहिलं. पण त्या कपाळाच्या जोरावर मी आजवर धडधाकट घरी आलोय, लिअॅन. मला नको विचारूस."

चित्रफितीच्या खाली एफबीआयचा फोन नंबर होता. ह्या इसमाला कोणी ओळखत असल्यास. मी तो नंबर पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

*

ईस्टरआधीच्या उपासाचे, लेंटचे शुक्रवार आले की आमच्याकडे मांस बंद आणि बंबघरात मासे तळायला सुरुवात. त्या पैशांवर बंबाचं वर्षभराचं तेलपाणी निघतं. एरवी आत पंगत बसते, पण ते साथीचं वर्ष होतं. गाड्या अंगणातून रांगेनं यायच्या आणि खिडकीतून खोकी घेऊन पुढं जायच्या. आत आमचं बायकांचं मंडळ ओळीनं उभं राहून खोकी भरायचं. एकीनं मासा ठेवायचा, दुसरीनं कोबीची कोशिंबीर, तिसरीनं हलुश्की, म्हणजे लोण्यात परतलेला कोबी आणि शेवया. बार्ब पाव्लिक मंडळाची प्रमुख. तिच्या जिभेला गाव घाबरायचं.

"नाकावर ओढ गं तो मास्क," ती मला म्हणाली. "नाकानंच श्वास घेतात ना तुमच्या घरात? आणि बापाला जाऊन सांग, मासे लवकर काढ म्हणावं. टीव्हीवर आल्यापासून भाव खायला लागलाय मेला."

सगळ्याजणी खो खो हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये. एकेक चेहरा खाली गेला. कोशिंबिरीचे चमचे पुन्हा चालू झाले.

म्हणजे बायकांनाही माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

बाबा मागच्या अंगणात तंबूखाली होते. समोर दोन मोठ्या कढया, हातात झारा. नोव्हेंबरात आई गेली त्यानंतर ते फार बारीक झाले होते. कोटाचे खांदे आधी यायचे आणि मागून बाबा.

"शेंगदाणा कुठाय माझा?" एल्सीला ते शेंगदाणा म्हणायचे.

"ड्रूकडे. बाबा, तो तुम्हीच ना?"

"कोण?"

"कपाळ टेकवणारा."

झारा तेलातच राहिला. "पीठ जरा पातळ झालंय आज," ते म्हणाले.

"बाबा."

त्यांनी तुकडे काढले, निथळायला ठेवले, नवे सोडले. तेल तडतडायचं थांबलं. "राष्ट्राध्यक्षांचं भाषण ऐकायला गेलो होतो. चर्चची बस होती, बसायला जागा होती, घरात कोणी नव्हतं. भाषण झालं. सगळे चालायला लागले, मीही लागलो. पुढं दार होतं. माझ्या समोरचा पोरगा मागं कलंडत होता. मागून गर्दी, पडला असता तर चिरडलाच असता. मी नुसता त्याच्या मागं उभा राहिलो. सवय."

"दोनदा थोपटलंत त्याला."

"सवय म्हटलं ना."

"फटीत माणूस अडकला होता. ओरडत होता."

"मला दिसला नाही. कपाळ लावलं की पुढचं दिसत नसतं. तुला शिकवलंय मी." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि कुणाला काय सांगतेस तू? त्या इस्पितळाच्या दारात एक पोरगेला रखवालदार होता. म्हणाला, काका, आत सोडता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं मी! जन्मभर लोकांच्या जळत्या घरांत शिरलो, आणि तुझी आई वर मरत होती तेव्हा मी खाली गाडीत बसून तिच्याशी फोनवर बोललो. तिनं एल्सीला मांडीवरसुद्धा नाही घेतलं. ते दार नाही मी रेटलं."

"म्हणून हे रेटलंत? त्या पोलिसानं काय केलं होतं आईचं?"

त्यांनी झारा तेलात फिरवला. गाड्यांच्या रांगेतून कुणीतरी हॉर्न वाजवला. आतून बार्बचा आवाज आला, "ए चीफ! मासे पकडायला नदीवर गेलास काय?"

मी म्हटलं, "तुम्ही आपणहून जा. वकील बघू आपण. आपणहून गेलेल्याचं कोर्ट ऐकतं."

"तुला फोन करायचाय तर कर. मी नाही तुला अडवणार. पण मी होऊन नाही जाणार. ह्या गावात कोणी माझं नाव घेणार नाही."

"म्हणूनच म्हणतेय. ईस्टरपर्यंत थांबते मी. तोवर तुम्ही गेला नाहीत तर मी घेईन तुमचं नाव."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की बघायचे, तसं. "सरक मागं," ते म्हणाले. "तेल उडेल अंगावर."

*

ईस्टरपर्यंतचे ते आठवडे मला नीट आठवत नाहीत. एल्सीला दात येत होते. ती झोपली की मी सिंकपाशी उभी राहून तो नंबर मनात म्हणायचे, पाढ्यासारखा, आणि ती उठली की सुटल्यासारखं वाटायचं. कोणी चांगला माणूस असेल आणि त्यानं वाईट केलं असेल तर त्याचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आई असती तर म्हणाली असती, आधी त्याला जेवायला घाल. मी त्यांना रविवारी जेवायला बोलवत होते. ते येत होते. शेंगदाण्याला मांडीवर घेऊन बटाटे कुस्करत होते.

बंबघरात मात्र काहीतरी बदललं होतं. एका सरावानंतर ड्रू घरी आला आणि शर्ट न काढताच पलंगावर बसून राहिला.

"चीफ आता कपाळ लावत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"उभा राहतो मागं. थोपटतोसुद्धा. पण डोकं वर. इकडं तिकडं बघत असतो. रस्त्यानं कोणी फोन घेऊन चाललं की तोंड फिरवतो. मी म्हटलं, चीफ, पाठ गार पडते माझी. तर म्हणाला, गुडघा दुखतोय."

"मग डेनीला उभं कर ना मागं."

"आणि चीफला काय सांगू? तू नको म्हणून?" त्यानं माझ्या मांडीवरून एल्सीला उचललं, तिच्या पोटावर तोंड घुसळलं. ती खिदळली. "असू दे. ईस्टर झालं की सगळं सरळ होईल. हो ना गं शेंगदाण्या? आई तुझी सगळ्यांना सरळ करणार आहे."

त्यानं ते चेष्टेनं म्हटलं होतं. त्याचं ते शेवटचं सबंध वाक्य नाही, पण मला आठवणारं शेवटचं तेच.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी भर दुपारी भोंगा वाजला. लोकस्ट रस्त्यावरचं एक रिकामं घर पेटलं होतं. कारखाना गेल्यावर त्या रस्त्यावरची निम्मी घरं रिकामी पडलीत. त्यांत नशेच्या गोळ्यांच्या, सुईच्या नादी लागलेली पोरं शिरून राहतात, थंडीत शेकोट्या करतात. आगीच्या जागी कॉफी आणि सँडविच नेणं बायकांच्या मंडळाचं काम. एल्सीला झोळीत बांधून मी थर्मास घेऊन गेले.

पोहोचले तेव्हा शेजारची बाई ओरडत होती, "आत एक मुलगी राहते हो! आत पोरगी आहे!" दारापुढच्या लाकडी ओट्यावर ड्रू नळीचं तोंड धरून गुडघे वाकवून उभा होता. मागं बाबा. मी त्यांना मागून बघत होते. बाबांनी ड्रूच्या कमरेवर दोनदा थोपटलं. डावा पाय रोवला. मान खाली जायला लागली.

आणि मधेच थांबली.

रस्त्याच्या पलीकडे माणसं ओळीनं उभी होती आणि सगळ्यांच्या हातांत फोन होते. काही वाईट मनात धरून नव्हे. हल्ली आग म्हटलं की फोन वर जातातच. बाबांनी वळून त्या फोनांकडे पाहिलं. मग ताठ झाले, अंग बाजूला घेतलं, तोंड भिंतीकडे केलं. नळीला नुसता हात लावून उभे राहिले. ड्रूच्या पाठीत आणि त्यांच्यात एक वीत अंतर होतं. मी ते अंतर बघितलं. मला ओरडायचं होतं, "बाबा, टेका!" तोंडातून शब्द निघायच्या आत बंबावरच्यानं पाणी सोडलं.

नळी उसळली. ड्रू रेलला, नेहमी रेलायचा तसा, मागं कपाळ आहे अशा भरवशानं. मागं काही नव्हतं. तो ओट्यावरून उलटा दगडी पायरीवर गेला. टोप निघाला. हातातून सुटलेलं नळीचं पितळी तोंड सापासारखं फिरलं आणि त्याच्या कानशिलावर बसलं. बाबांनी नळीवर अंग टाकलं, तिला दाबून धरलं. दाबून काय उपयोग होता.

ती मुलगी आत नव्हतीच. पलीकडच्या ओळीत उभी होती, बाकीच्यांसारखाच फोन धरून.

*

ड्रूला हेलिकॉप्टरनं पिट्सबर्गला नेलं. साथीमुळं एकालाच आत सोडत होते, ती मी. एल्सीला बार्बकडे ठेवलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

संध्याकाळी खाली आले तेव्हा बाबा गाड्यांच्या तळावर उभे होते, दाराकडे तोंड करून. अंगात अजून बंबाचा कोट, त्याला धुराचा वास. त्यांनी आत येण्यासाठी भांडण केलं नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं.

"जगेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिले. मग हाताची वीत पसरून माझ्यापुढं धरली. "एवढा," ते म्हणाले. "एवढा मागं राहिलो मी. फोन होते समोर."

"माहीत आहे. मी बघत होते."

"तू बघत होतीस?"

"हो."

ते खाली कठड्यावर बसले. त्या क्षणी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता असं मला पुढं पुष्कळांनी सुचवलं. नाही ठेववला. माझा हात माझाच नव्हता.

"तो नंबर सांग," शेवटी ते म्हणाले. "पाठ असेल तुला."

होता. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. ते उठून उभे राहिले. बंबावरच्या वायरलेसवर बोलतात तसे बोलले, सावकाश, तोडून तोडून. "रेमंड हुडाक. कोल्टर, पेनसिल्व्हेनिया. तुमच्या त्या चित्रफितीतला तपकिरी कोट. हो, मीच. व्यवसाय? कारखान्यातून निवृत्त. बंबघराचा चीफ." मग जरा थांबून, "होतो."

*

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. त्यात कोणी आमच्या दारावर अंडी फेकली नाहीत आणि कोणी फुलंही आणली नाहीत. बंबवाले मात्र बाबांवर फार चिडले. डेनीनं त्यांचा टोप भिंतीवरून काढला आणि माझ्याकडे आणून दिला. म्हणाला, "वॉशिंग्टनला गेला ते त्याचं त्याला माहीत. पण पाठ सोडली त्यानं, लिअॅन. पाठ!" गावात सगळ्यांचं हेच म्हणणं. दारात अडकलेल्या त्या माणसाबद्दल डेनी बोलला नाही, बार्ब बोलली नाही, चर्चमधल्या कुणी त्याच्यासाठी मेणबत्ती लावली नाही.

कोर्टात तो पोलीस आला होता. मला वाटला होता त्याहून लहान, माझ्याच वयाचा. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. न्यायाधीशांना तो म्हणाला, मुलीला मी उजव्या हातानं उचलतो, पण तिला दोन्ही हातांनी वर उडवलेलं आवडायचं. एवढंच म्हणून खाली बसला. बाबा मान खाली घालून ऐकत होते, कपाळ टेबलाला लागेल इतकी खाली. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "बाबा, वर बघा." शिपायानं मला गप्प केलं. पण बाबांनी मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो माणूस बाहेर जाईपर्यंत बघत राहिले.

चार वर्षांची शिक्षा झाली.

ड्रू घरी आला होता. उजवा हात नावापुरता, डावा डोळा गेलेला, चव आणि वास दोन्ही गेलेले. शब्दांपैकी एक उरला होता, चमचा. का ते कोणालाच कळलं नाही. पाणी हवं, चमचा. खिडकी लाव, चमचा. एल्सी मांडीवर चढली की तिच्या केसांतून हात फिरवत अगदी हळू, चमचा, चमचा. शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या, चित्रं दाखवायच्या. एल्सी शेजारी बसायची. काही दिवस दोघं बरोबरीनं शिकली. मांजर, चेंडू, बस. मग एल्सी पुढं निघून गेली. ती त्याला शिकवायला लागली. "नाही पप्पा, हे केळं. म्हण, के-ळं." तो तिच्या ओठांकडे बघत जीव खाऊन प्रयत्न करायचा आणि दोघंही मग हसत सुटायची. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहायचे.

तुरुंगातून बाबा दर रविवारी फोन करायचे. मी एल्सीला द्यायचे. तिच्या तोंडी ते डेडो, म्हणजे आजोबा. ती त्यांना केळं सांगायची, बस सांगायची. मी घेत नसे.

*

सरकार बदललं. ज्यांचं भाषण ऐकायला बाबा गेले होते तेच पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी त्या दिवशीच्या सगळ्यांना माफी दिली. गावात गाड्यांनी हॉर्न वाजवले, दोनचार घरांवर झेंडे चढले. चर्चच्या तळघरात बाबांसाठी जेवण ठरलं. बार्बचा फोन आला. चार वर्षांत तिची जीभ काही बोथट झाली नव्हती. "ये गं. बंबवाले येणार नाहीत म्हणतात, मरू देत. हलुश्की केलीये. बाप आहे तुझा, शेजारी नाही."

मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बर्फ पडून गेलं होतं आणि थंडी अशी की श्वास टोचत होता. मी दार उघडलं. बाबा उंबऱ्याच्या बाहेर उभे, हातात चंदेरी कागदानं झाकलेलं ताट. केस पांढरे झाले होते. तो तपकिरी कोट सरकारजमा झाला असणार, कुणाचा तरी निळा घातला होता.

"बाळा," ते म्हणाले. "सुटलो."

"टीव्हीवर पाहिलं."

"माफी दिली म्हणतात. पुरी."

"म्हणतात."

त्यांनी ताट पुढं केलं. "बार्बनं दिलंय. हलुश्की. ड्रूला आवडते."

"ड्रूला चव लागत नाही, बाबा."

ताट तसंच दोघांच्या मधे राहिलं. मी दारात उभी होते, एक हात चौकटीवर. माझ्या लक्षात आलं की मी कशी उभी आहे. मला त्या रखवालदाराचा चेहरा कधी दिसला नव्हता, पण तो असाच उभा असणार. बाबांनीही ते पाहिलं. ते पुढं झाले नाहीत. मागंही गेले नाहीत.

माझ्या मागून भिंत धरत धरत ड्रू आला. त्याला आवाज ओळखू आला होता. उरलेल्या डोळ्यानं त्यानं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चमचा."

"हो रे," बाबा म्हणाले. "हो रे, पोरा."

ड्रूनं भिंत सोडली. एकेक पाऊल टाकत तो वळला आणि बाबांकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, झालं, संपलं. मग दिसलं की त्यानं डावा गुडघा थोडा वाकवलाय, डावा हात पुढं धरलाय, मूठ अर्धी मिटून, आणि तो धड न हलणारा उजवा हातही तिच्याखाली न्यायची धडपड करतोय. तो नळी धरून उभा होता. वाट बघत होता.

मी चौकटीवरचा हात काढला. बाजूला झाले. दार मोकळं होतं.

बाबांनी एक पाय उंबऱ्यावर ठेवला. हात उचलला, थोपटायला. ड्रूच्या कमरेपासून एका वितीवर तो हात थांबला. मी बघत होते. मनात म्हणत होते, टेका, बाबा, आता तरी टेका, इथं कोणाचा फोन नाही. ड्रूचा गुडघा लटलटायला लागला. त्यानं एकदा मान जराशी मागं केली, मागं आहे का कोणी बघायला.

बाबांनी हात मागं घेतला. ताट उंबऱ्यावर ठेवलं.

ड्रू पडणार होता. मी धावत गेले, त्याच्या कमरेवर दोनदा थोपटलं, पाय रोवला आणि त्याच्या दोन खवाट्यांच्या मधोमध कपाळ टेकवलं. त्याचं सगळं ओझं माझ्या कपाळावर आलं. तो स्थिर झाला. माझे डोळे मिटलेले होते. मागं बर्फावर बूट वाजत गेले, सावकाश, एक पाय ओढत. फाटकापर्यंत ऐकू आले. पुढं नाही.

एल्सी झोपेतून उठून पायमोजे घालून आली होती. "कोण आलं होतं, मम्मा?"

"डेडो."

"मग आत का नाही आले?"

ड्रूचा श्वास माझ्या कपाळाखाली वरखाली होत होता.

"मम्मा," एल्सी म्हणाली, "दार लाव ना. पप्पाला थंडी वाजतेय."